ताटाचे चित्र आणि आपला मेंदू : खाण्याच्या मानसिक आजारांविषयी





१९७२ चा दुष्काळ ज्यांनी भोगला ती पिढी आपल्या सोलापूर जिल्ह्यात अजून हयात आहे. खडी फोडण्याचे दुष्काळी काम, कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी यांच्या आठवणी आपल्या घराघरांतून आजही निघतात. अन्नाचा कण खाली सांडला तर तो उचलून कपाळाला लावणारी ही माणसे. भरले ताट समोर असताना कोणी ते नाकारावे, ही गोष्ट त्यांच्या समजुतीच्या पलीकडची आहे.

समजा, अशाच एका आजीची नात बारावीला आहे. गेल्या सहा महिन्यांत तिचे वजन झपाट्याने उतरले आहे. ताट समोर आले की तिचा चेहरा पडतो. भाकरीचा चतकोर ती अर्धा तास कुरतडत बसते. आजी समजावते, "जेव की गं बाई, काय झालंय तुला?" मग रागावते, "अन्नाचा माज आलाय पोरीला!" शेजारीण दबक्या आवाजात सांगते, "बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून आणा." मुलीला डॉक्टरांकडे न्यावे असे मात्र कोणालाच सुचत नाही. कारण हा आजार असू शकतो, हेच आपल्याला ठाऊक नसते.

अशा मुलीने अन्नाकडे किंवा अन्नाच्या नुसत्या चित्राकडे पाहिले असता तिच्या मेंदूत काय घडते, याचा अभ्यास गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी केला आहे. तो साध्या भाषेत समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे. हे शास्त्र समजले तर माज, हट्ट, करणी हे शब्द आपल्या तोंडून आपोआप गळून पडतील, अशी आशा वाटते.

चित्र पाहून तोंडाला पाणी का सुटते?

थंडीच्या दिवसांत हुरड्याचे, शेंगाचटणीचे आणि कडक भाकरीचे नुसते चित्र पाहिले तरी आपल्या तोंडाला पाणी सुटते. चित्राला वास नाही, चव नाही. तो केवळ रंगवलेला कागद किंवा मोबाईलचा उजळलेला पडदा असतो. तरीही लाळ सुटते, पोटात कालवाकालव होते. रशियाचे शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखविले की अन्न तोंडात पडण्यापूर्वीच शरीर पचनाची तयारी करू लागते. पचनक्रियेवरील त्यांच्या संशोधनाला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही तयारी करण्याचा हुकूम मेंदूकडून सुटतो. डोळ्यांतून आलेली प्रतिमा प्रथम मेंदूच्या मागील भागात पोहोचते. तेथे आकार आणि रंग ओळखले जातात. ही भाकरी, हे आईस्क्रीम, हा दगड, असा निवाडा होतो. त्यापुढे अन्नाच्या प्रतिमेला काही खास वाटा फुटतात.

पहिली वाट 'इन्सुला' नावाच्या भागाकडे जाते. मेंदूच्या घडीत आत दडलेल्या या भागाच्या नावाचा लॅटिन भाषेतील अर्थ 'बेट' असा आहे. जिभेवरची चव आणि पोटातल्या आतल्या संवेदना यांची नोंद येथे होते. दुसरी वाट डोळ्यांच्या खोबणीच्या वर, कपाळामागे असलेल्या भागाकडे जाते. ही वस्तू आपल्याला या क्षणी किती मोलाची आहे, याचा हिशेब तेथे होतो. तिसरी वाट बदामाच्या आकाराच्या 'अमिग्डाला' या भागाकडे जाते. भीती आणि सावधपणा यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. चौथी वाट मेंदूच्या खोल भागातील 'स्ट्रायाटम'कडे जाते. हवेसे वाटणे, त्यासाठी हात पुढे करणे आणि त्याची सवय लागणे या गोष्टी तेथे घडतात. या सर्वांवर लगाम ठेवण्याचे काम कपाळामागच्या, बाहेरच्या बाजूच्या भागाकडे असते. 'आत्ता नको, नंतर' असे आपण स्वतःला सांगतो तेव्हा हा भाग कामाला लागलेला असतो.

हे सारे बाहेरून कसे कळते, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. आपल्याकडे एम.आर.आय. म्हणून जे यंत्र परिचित आहे, ते म्हणजे एक मोठा शक्तिशाली चुंबक होय. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायू असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. १९९० च्या सुमारास या फरकाचा उपयोग करून चालता मेंदू टिपण्याची पद्धत निघाली. माणसाला यंत्रात झोपवून त्याला एकामागून एक चित्रे दाखवायची आणि कोणत्या चित्राला कोणता भाग उत्तर देतो ते पाहायचे, अशी ही पद्धत आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की रुचकर पदार्थांची चित्रे पाहताना चवीची नोंद घेणारा इन्सुला आणि मोल ठरविणारा कपाळामागील भाग, असे दोन्ही भाग जागे होतात. इमारतींची चित्रे पाहताना तसे होत नाही. म्हणजे आपण चित्र पाहतो तेव्हा मेंदू ते मनातल्या मनात चाखत असतो.

चित्र तेच, पोट वेगळे

आता एक महत्त्वाचा मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. तेच चित्र, तोच माणूस, तरीही मेंदूचे उत्तर दर वेळी सारखे नसते. २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी निरोगी माणसांना एकदा उपाशी असताना आणि एकदा जेवल्यानंतर तीच चित्रे दाखविली. उपाशीपोटी अन्नाच्या चित्रांना अमिग्डाला आणि आसपासच्या भागांनी जोरकस उत्तर दिले. पोट भरल्यावर ते उत्तर मंदावले. अवजारांच्या चित्रांच्या बाबतीत असा फरक पडला नाही.

पोटाची खबर मेंदूला देणारे निरोपे रक्तातून फिरत असतात. शरीरातील चरबीपासून निघणारे 'लेप्टिन' हे संप्रेरक १९९४ साली सापडले. 'घरात साठा आहे, घाई नको' असा त्याचा निरोप असतो. रिकाम्या जठरातून निघणारे 'घ्रेलिन' हे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधले. 'भूक लागली आहे' हा त्याचा निरोप. २००८ साली कॅनडात निरोगी माणसांना घ्रेलिन टोचून अन्नाची चित्रे दाखविण्यात आली, तेव्हा मेंदूची उत्तरे तीव्र झाली. २००७ साली इंग्लंडमध्ये जन्मतःच लेप्टिन नसलेल्या दोन तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकतेच जेवण झालेले असतानाही अन्नाचे प्रत्येक चित्र त्यांना हवेसे वाटे आणि स्ट्रायाटम त्याला साथ देई. सात दिवस लेप्टिन दिल्यावर हे बदलले. आता केवळ उपाशी असतानाच चित्राचे आकर्षण वाटू लागले. सात दिवसांत त्या मुलांचा स्वभाव किंवा संस्कार बदलले नव्हते. बदलला होता तो रक्तातला एक निरोप.

आपण बौद्ध आहोत. प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आपल्याला अपरिचित नाही. इंद्रिय आणि विषय यांच्या भेटीतून स्पर्श, स्पर्शातून वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा तटस्थ संवेदना, आणि वेदनेतून तृष्णा, असा क्रम तथागतांनी सांगितला. चित्र डोळ्यांवर पडणे हा स्पर्श. त्यातून उमटणारी गोड किंवा भयंकर संवेदना ही वेदना. मेंदूचे यंत्र आणि धम्माचे तत्त्वज्ञान एकच आहेत असा दावा येथे करायचा नाही. परंतु वस्तू आणि तृष्णा यांच्यामध्ये एक पायरी आहे, आणि ती पायरी शरीर-मनाच्या स्थितीनुसार बदलते, हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये.

उपासमार मनाचे काय करते?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. शस्त्र हाती घेण्यास तत्त्वतः नकार देणारे ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले. १९४४-४५ मध्ये चोवीस आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवण्यात आले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

शरीर खंगणार हे अपेक्षितच होते. मनात जे घडले ते अनपेक्षित होते. हे तरुण दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचू लागले, ती जमवू लागले. ताटलीतला घास पुरवून पुरवून तासन्‌तास खाऊ लागले, ताटल्या चाटू लागले. चिडचिड आणि उदासी वाढली, मित्रांत मिसळणे बंद झाले. पुन्हा पोटभर अन्न सुरू झाल्यावरही कित्येकांना अनेक आठवडे आपण पुरेसे खाल्ले आहे असे वाटेना. हे सर्व प्रयोगापूर्वी मनाने खंबीर असलेले तरुण होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. खाण्याच्या आजारात दिसणाऱ्या पुष्कळशा विचित्र वाटणाऱ्या वागण्याचे मूळ उपाशी मेंदूतच असते. ते नाटक नसते.

हे आजार कोणते?

या आजारांपैकी तीन प्रमुख आहेत. पहिला अॅनोरेक्झिया नर्व्होसा. इंग्लंडचे डॉ. विल्यम गल यांनी १८७३ मध्ये हे नाव रूढ केले. यात रुग्ण खाणे इतके कमी करतो की वजन धोकादायक पातळीवर येते. बहुतेकांना जाड होण्याची तीव्र भीती वाटते आणि हाडांचा सापळा झाला तरी आपण ठीक आहोत असे वाटते. मानसिक आजारांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत जास्त असणाऱ्या आजारांत याची गणना होते.

दुसरा बुलिमिया नर्व्होसा. डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले. यात रुग्ण थोड्या वेळात प्रचंड खातो, स्वतःला आवरू शकत नाही आणि नंतर अपराधी वाटून मुद्दाम उलटी करतो, जुलाबाची औषधे घेतो किंवा कडक उपास करतो. वजन अनेकदा साधारणच असते, म्हणून घरच्यांना वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही.

तिसरा म्हणजे अनावर खाण्याचा आजार. यात खाण्याचे झटके येतात, पण नंतर उलटी वगैरे प्रकार नसतो. शरम मात्र तेवढीच असते. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत त्याला स्वतंत्र आजार म्हणून स्थान मिळाले.

मुलींमध्ये हे आजार अधिक दिसतात, परंतु मुलगे त्यातून सुटलेले नाहीत.

आजारी मेंदू चित्राला काय उत्तर देतो?

१९९८ साली लंडनच्या डॉक्टरांनी अॅनोरेक्झिया झालेल्या सहा स्त्रियांना भरपूर कॅलरी असलेल्या गोड पेयांची चित्रे दाखविली. निरोगी स्त्रियांना ज्यात काही वावगे वाटले नाही, त्या चित्रांनी या स्त्रियांच्या मनात भीती उत्पन्न केली. अमिग्डालाचा परिसर आणि इन्सुला हे भाग त्यांच्या मेंदूत जागे झाले. दूध-साखरेचे पेय त्यांच्या मेंदूला जणू एखाद्या संकटासारखे दिसत होते. साप पाहून मागे सरणाऱ्या माणसाला आपण हट्टी म्हणत नाही. मग ताट पाहून मागे सरणाऱ्या मुलीला हट्टी का म्हणावे?

२००४ साली लंडनमध्येच झालेल्या मोठ्या अभ्यासात अॅनोरेक्झिया आणि बुलिमिया या दोन्ही आजारांच्या स्त्रियांना अन्नाची चित्रे दाखविली गेली. कपाळामागच्या आतल्या बाजूचे, भावनेचे मोल ठरविणारे भाग त्यांच्यात निरोगी स्त्रियांपेक्षा अधिक उत्तेजित झाले. बुलिमियाच्या रुग्णांत लगाम ठेवणाऱ्या बाहेरच्या बाजूच्या भागाचा प्रतिसाद कमी होता. म्हणजे गाडीला वेग जास्त आणि ब्रेक सैल, अशी ही अवस्था होय.

२००९ साली जर्मन भाषिक संशोधकांनी अनावर खाण्याचा आजार असलेल्या स्त्रियांना रात्रभर उपाशी ठेवून चित्रे दाखविली. अन्नाला हवेपणाचे मोल देणारा डोळ्यांच्या वरचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त उजळला. जाड असूनही हा आजार नसलेल्या स्त्रियांमध्ये तेवढे उत्तर दिसले नाही. यावरून नुसती जाडी आणि हा आजार एक नव्हेत, हेही ध्यानात येते.

२०१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अभ्यास याहून पुढे गेला. त्यात रुग्णांना पदार्थांच्या चित्रांतून निवड करायला सांगितले. अॅनोरेक्झियाच्या रुग्णांनी कमी स्निग्धांशाचे पदार्थ निवडले. त्या वेळी त्यांच्या स्ट्रायाटमचा वरचा भाग, जो सवयीने होणाऱ्या कृतींशी जोडलेला आहे, अधिक गुंतलेला दिसला. त्या भागाचे कपाळामागच्या भागाशी असलेले नाते आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाने प्रत्यक्षात किती खाल्ले, यांत संबंध आढळला. प्रारंभी जे ठरवून केले, ते पुढे न ठरवता होऊ लागते. सुपारी-तंबाखूची सवय लागलेल्या माणसाचा हात खिशाकडे आपोआप जातो, तसा या मुलींचा हात ताटापासून आपोआप मागे येतो. म्हणून "मनावर घे म्हणजे होईल" हा उपदेश पुरत नाही.

यात आशेचा भागही आहे. लंडनच्या त्याच संशोधकांनी २००३ मध्ये अॅनोरेक्झियातून बऱ्या झालेल्या स्त्रियांचाही अभ्यास केला होता. अन्नाची चित्रे पाहताना त्यांच्या मनात अजून काहीशी खळबळ होत होती. परंतु दीर्घकाळ आजारी असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत लगाम ठेवणारा बाहेरचा भाग त्यांच्यात अधिक कार्यरत झाला होता. मेंदू बदलू शकतो. जुनी भीती पूर्ण पुसली गेली नाही, तरी तिच्यावर ताबा मिळविता येतो.

शास्त्राच्या मर्यादाही ओळखाव्यात

बाबासाहेबांनी आपल्याला चिकित्सक बुद्धी दिली. ती येथेही वापरली पाहिजे. हे अभ्यास बहुधा थोड्या रुग्णांवर झालेले आहेत. त्यांचे निष्कर्ष काही वेळा एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय मेंदूतील फरक हे आजाराचे कारण की दीर्घ उपासमारीचा परिणाम, हे एका चित्रावरून ठरत नाही. मेंदूचा फोटो काढून हा आजार ओळखता येत नाही, म्हणून कोणी त्यासाठी महागडी तपासणी सुचविली तर भुलू नये. निदान होते ते डॉक्टरांनी केलेल्या विचारपुशीतून आणि शारीरिक तपासणीतून. मात्र या सर्व अभ्यासांतून एक समान धागा निघतो. या रुग्णांना अन्न आपल्यासारखे 'दिसतच' नाही.

आपल्याकडे हे रूप का लपते?

हा श्रीमंतांचा, पाश्चात्यांचा आजार आहे असा समज आहे. तो खरा नाही. १९९५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. या मुली खाणे नाकारत होत्या, वारंवार उलट्या होत होत्या, वजन खूप घटले होते, पाळी बंद झाली होती. परंतु पाश्चात्य रुग्णांप्रमाणे 'मी जाड आहे' अशी त्यांची तक्रार नव्हती. आपल्या मुली "पोट फुगतं", "घास गिळत नाही", "भूकच नाही" असे म्हणतात, आणि आपण अॅसिडिटीच्या गोळ्यांवर वर्ष काढतो.

आपल्याकडे उपासाचाही आडोसा मिळतो. आठवड्यातून तीन दिवस उपास धरणाऱ्या मुलीचे आसपास कौतुक होते. आपल्या समाजात पूर्वीचे उपास-तापास सुटले असले, तरी उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवण्याची प्रथा आहे. निरोगी उपासकासाठी ती उत्तम आहे. पण ज्याला हा आजार आहे त्याने ते शील तूर्त घेऊ नये. विनयातही आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे अवेळी घेण्याची मुभा तथागतांनी दिली आहे.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी अल्पशा नाश्त्यावर आणि रात्री पापडांवर दिवस काढल्याचे त्यांच्या चरित्रात वाचून आपले ऊर भरून येते. काही विद्यार्थी त्यातून अर्धपोटी राहणे म्हणजेच ज्ञानसाधना असा अर्थ घेतात. पण ती उपासमार बाबासाहेबांनी हौसेने पत्करली नव्हती. पैसा नव्हता म्हणून ती त्यांच्या वाट्याला आली. आपल्या लेकरांच्या वाट्याला ती येऊ नये, यासाठीच ते आयुष्यभर झटले. तेव्हा मेसचा डबा परत पाठवून अभ्यास करणे हा त्यांना केलेला प्रणाम होऊ शकत नाही.

धम्म काय सांगतो?

सिद्धार्थ गौतमांनी उरुवेलेच्या वनात कठोर देहदंडन केले. मुगाच्या, कुळथाच्या ओंजळभर पाण्यावर ते राहिले. डोळे खोल गेले, पोटाची कातडी पाठीच्या कण्याला टेकली, अंगावरचे केस हात फिरवताच गळू लागले, असे वर्णन मज्झिम निकायात आहे. अशा खंगलेल्या शरीराने सत्य गवसणार नाही, हे ओळखून त्यांनी अन्न घेतले. सुजातेच्या खिरीची कथा आपल्या लेकरांनाही पाठ आहे. मात्र त्या वेळी पाच सोबती त्यांना सोडून गेले, हे आपण विसरतो. 'हा चैनीला लागला' असे त्यांना वाटले. म्हणजे योग्य वेळी अन्न घेणाऱ्यालाही लोकनिंदा चुकली नाही. सिद्धार्थांचे ते व्रत होते, आजार नव्हता. परंतु पुन्हा खाऊ लागण्यासाठी धैर्य लागते, हे त्या प्रसंगावरून कळते.

दुसरे टोक कोसलचा राजा प्रसेनजित याचे. तो द्रोणभर भात खाई आणि धापा टाकत तथागतांकडे येई. त्यांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. प्रमाणात जेवणाऱ्याचे कल्याण सांगणारी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती शिकून जेवणाच्या वेळी म्हणायला लावली. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला. येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. आठवण करून देणारा माणूस जेवणाच्या क्षणी सोबत होता, आणि बदल हळूहळू झाला.

तिसरी कथा आळवी नगरीच्या गरीब शेतकऱ्याची. हरवलेला बैल शोधून तो भुकेला, थकलेला धम्म ऐकायला आला. तथागतांनी उपदेश थांबवून ठेवला होता. त्यांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि मगच धम्म सांगितला. भूक हा सर्वांत मोठा रोग आहे, हे धम्मपदातील वचन या प्रसंगी सांगितले गेले, अशी परंपरा आहे. उपाशी मेंदूच्या कानी उपदेश जात नाही. आजचे मनोविकारतज्ज्ञही अॅनोरेक्झियात हाच क्रम पाळतात. आधी शरीराला अन्न, नंतर मनाला समज.

आपण काय करावे?

पुढील खुणा दिसल्यास सावध व्हावे. वजन सतत घटणे, पाळी बंद होणे, चक्कर येणे, सतत थंडी वाजणे, इतरांसाठी स्वयंपाक करून स्वतः न जेवणे, मोबाईलवर तासन्‌तास पदार्थांची चित्रे पाहणे, जेवताच न्हाणीघरात जाणे, दातांची झीज होणे, बोटांच्या पेरांवर घट्टे पडणे, चोरून खाणे.

अशा वेळी प्रथम डॉक्टरांना दाखवावे. सोलापुरात आपण ज्याला सिव्हिल म्हणतो, त्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. तेथील मनोविकार विभागात जाण्यात कमीपणा मानू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर मराठीतही बोलता येते.

फार दिवस उपाशी असलेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालू नये. त्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण अचानक ढासळून जिवाला धोका होतो. अन्न डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने वाढवावे. अॅनोरेक्झियाच्या लहान वयातील रुग्णांसाठी आईवडिलांना सोबत घेऊन केलेला उपचार, तर बुलिमियासाठी विचार आणि सवयी बदलण्याची समुपदेशन पद्धत उपयुक्त ठरली आहे. काहींना औषधेही द्यावी लागतात.

देवऋषीकडे नेऊन मुलीला मारहाण करविणे, धूर देणे हे प्रकार तर अघोरीच आहेत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तर अशा गोष्टींना थाराच नको.

घरातल्या बोलण्यालाही लगाम घालावा. "किती जाड झालीस, स्थळ कसं मिळणार?" हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते ऐकणाऱ्या मुलीच्या मनात वर्षानुवर्षे घर करते. जेवताना वजनाचा हिशेब काढू नये. रुग्णाशेजारी बसून शांतपणे जेवावे. सुदस्सनाने राजाला सोबत केली, तशी सोबत करावी.

आपल्या आजीने १९७२ साली अन्नावाचून दिवस काढले. तिच्या नातीला अन्न समोर असूनही उपाशी राहावे लागत आहे. दोघींची कारणे वेगळी, पण भूक खरीच. पहिल्या भुकेवर समाजाने काम दिले, सुकडी दिली, पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या वेळी भुकेल्याला कोणी दोष दिला नाही. दुसऱ्या भुकेलाही दोष न देता उपचार मिळवून देणे हे आपले काम आहे. करुणा ही केवळ वंदनेत म्हणण्याची गोष्ट नव्हे. ती ताटाशेजारी बसूनही करता येते.

नमो बुद्धाय. जय भीम.